वळव त्याला

७ जानेवारी १९९९

सांडू अजून शुद्धीवर आलेला नाही. सकाळी घाटी रुग्णालयातल्या वॉर्डच्या सिस्टरनी सांगितलं आणि मी जिन्यातच उभा राहून ते खिशातल्या कागदावर उतरवून घेतलं. कॉलेजात खेळ शिकवता शिकवता इतकी वर्षं सामन्यांच्या बातम्या संध्याकाळच्या आत पेपरला पोचवल्या, त्याची सवय. आधी काय झालं, मग कोण म्हणालं, बाकीचं नंतर.

बाकीचं असं. परवा, मंगळवारी, आमच्या मैदानावर विभागाच्या बेसबॉल संघाची निवड चाचणी होती. आमचा बिरू पिचर होता, चेंडू तो टाकत होता. वैजापूरचा सांडू बॅट घेऊन प्लेटजवळ, म्हणजे बॅटरच्या जागी, उभा होता. चेंडू सांडूच्या डाव्या कानावर लागला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पण डाव्या बाजूचा कानपट्टा कधीचाच मोडलेला. सगळ्या संघांत मिळून तेवढं एकच हेल्मेट आहे.

आवाज अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आला. मैदानाच्या पार टोकाला बसलेल्या माणसांनाही ऐकू गेला म्हणतात.

सगळे धावले. बिरू धावला नाही. जिथून चेंडू टाकला तिथंच तो सांडूकडे बघत उभा राहिला, हा आता उठून चालायला लागेल अशा भरवशानं.

कुठला चेंडू टाकायचा ते मी ओरडून सांगतो, बिरू टाकतो. परवाही मी ओरडलो होतो, "वळव त्याला!" वळवायचा चेंडू म्हणजे कर्व्ह. तो बॅटरच्या अंगावर येतोय असं वाटतं आणि ऐनवेळी वळून प्लेटवर उतरतो. पूर्वी मी 'कर्व्ह' असंच ओरडायचो. पण सोयगाव-कन्नडकडची पोरं माझ्याकडे बघून विचारायची, "काय करू, सर?" आणि सगळं मैदान हसायचं. तेव्हापासून माझे शब्द दोनच, 'सरळ' आणि 'वळव'. कुणाचा गोंधळ होत नाही.

थंडी होती. चेंडू हातातून निसटला असणार. दुसरं काय?

८ जानेवारी

जिल्हा संघटनेचे सचिव मगर सर यांनी बोलावलं होतं. ते मूळचे कबड्डीचे, त्यामुळे कुणाला लागलं की आधी मारणाऱ्याकडे बघतात. टेबलावर डिसेंबरातलं कात्रण होतं.

"नानासाहेब, हे तुम्हीच छापून आणलं ना? 'बिरू सांगाल तिथं चेंडू टाकतो. खांबावर रुपयाचं नाणं ठेवा, तेवढंच उडवेल.'"

"कौतुकानं लिहिलं होतं, सर."

"मग मीही कौतुकानं विचारतो. जो रुपया उडवतो, त्याच्या हातून चुकून कान फुटतो?"

मी म्हणालो, असं होतं. ते म्हणाले, "होत असेल. पण आधीच्या डावात सांडूनं त्याचा चेंडू कुंपणाबाहेर घालवला आणि वर ओरडला, 'ए मेंढक्या, जा, मेंढरं राख!' हे सगळ्यांनी ऐकलंय."

"बिरू हसला होता त्याला."

"हसला, हेच मला आवडलं नाही."

विसाव्या तारखेला चौकशी आहे. मुद्दाम मारला असं ठरलं, तर बिरूला कायमची बंदी आणि संघटनेकडून पोलीस ठाण्यात तक्रार. बिरू सोयगावकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. बाप नाही. पोरानं जुलैत पहिल्यांदा हा चेंडू हातात धरला आणि दिवाळीपर्यंत विभागात नाव केलं. ते नाव आता त्याच्या गळ्याशी आलंय, आणि नाव करणारा मी.

म्हणजे मला उलटं सिद्ध करायचं आहे. पिचरचा नेम लोकांना वाटतो तेवढा पक्का नसतो, बिरूचाही नसतो, हे दाखवायचं.

९ जानेवारी

घाटीत सांडूच्या आई भेटल्या, सारजाबाई. वैजापूरहून आल्यापासून कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसून आहेत.

"तुमीच का ते नाना सर? सांडू लई नाव काढायचा तुमचं. तुमच्या शिबिराला आला व्हता ना उन्हाळ्यात?"

आला होता, दोन वर्षांपूर्वी. बॅट धरायला मीच शिकवलं त्याला. वळणारा चेंडू अंगावर येताना दिसला की पोरगं बेडकासारखी उडी मारून मागं पळायचं. 'वळव' असं ऐकलं की पाय रोवून उभं राहायचं, चेंडू वळतोच, हे त्याच्या डोक्यात बसवायला मला अख्खं शिबिर लागलं. एकदा बसलं ते पक्कं बसलं.

"त्याचा एक बूट कुठं हाये, सर? एकच दिला आमाला."

"मैदानावर राहिला असेल. आणून देतो."

"आना. उठला म्हंजे लागंल त्याला."

कुणी मारलं, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं ते मी ठरवून गेलो होतो. ते तसंच घेऊन परत आलो.

फाटकाबाहेर लिंबाखाली बिरू उकिडवा बसलेला. आत यायचं नाव नाही. मला बघून उभा राहिला.

"सर, त्यो हलला कामून नाय?"

"डोक्याला मार आहे बिरू. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल."

त्यानं मान हलवली, पण समाधान झालं नाही. थोड्या वेळानं परत तेच. "हलाया पायजे व्हता."

"हलेल," मी म्हणालो.

बूट मैदानावर नव्हता, सामानाच्या थैलीत होता. कुणीतरी आत टाकला असणार. पांढरा कॅनव्हासचा, नाडी बांधलेली तशीच. त्याच्यासाठी थैली उघडली आणि त्याला हात न लावताच बंद केली. उद्या नेईन.

११ जानेवारी

बूट नेला नाही.

मैदानावर दोन बांबू रोवून मध्ये पोत्याचं गोणपाट टांगलं. सरळ लोंबावं म्हणून खाली वाळू भरली. मधोमध चुन्याचा ठिपका दिला. चेंडू ओल्या गेरूत बुडवून टाकायचा, म्हणजे जिथं लागेल तिथं लाल खूण उठते. पिचरच्या जागेपासून प्लेट साठ फुटांवर. आमचे दोन्ही जुने पिचर आणि बिरू यांना आळीपाळीनं ठिपक्यावर टाकायला सांगितलं. शब्द एकच, 'सरळ'.

जे दिसलं त्यानं मी स्वतःच चकित झालो. जुन्या दोघांच्या खुणा गोणपाटभर. ठिपक्यापासून वीतभर लांब पडलेला चेंडू चांगला म्हणायचा, हातभर लांब गेलेलेही पुष्कळ. बिरूच्या खुणा जरा जवळ, तरी वीतभर पसरलेल्याच. ठिपक्याला जेमतेम एखादा शिवला.

मग इतकी वर्षं मला ते अचूक कसे वाटत होते? दुपारी उमगलं. पिचर चेंडू टाकतो तेव्हा समोर कॅचर असतो. कॅचर ग्लोव्ह दाखवतो, चेंडू त्यात 'धप्' करून बसतो आणि आपण वाहवा करतो. पण शेवटच्या क्षणी ग्लोव्हच चेंडूकडे गेलेला असतो. नेम पिचरचा नसतो, हात कॅचरचा असतो. गोणपाट काही सरकत नाही, म्हणून खरं बोलतं.

हे मगर सरांना दाखवलं की रुपयाच्या नाण्याची गोष्ट आपोआप बाद. बरं वाटलं.

एकच गोष्ट बरी वाटली नाही. प्लेटजवळ सांडूच्या पायांचे ठसे अजून आहेत. त्या दिवशी पाणी मारलेलं होतं, त्या चिखलात उमटले आणि वाळून दगड झाले. माळ्यानंही फक्कीची रेघ त्यांना वळसा घालून मारली आहे. वाकून पाहिले. चवडे खोल रुतलेले, टाच इंचभरसुद्धा सरकलेली नाही. 'शाबास' असं मनात येऊन गेलं आणि मग इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं नाही ना म्हणून.

१२ जानेवारी

शहागंजात हबीबभाईंकडे गेलो. आमचे ग्लोव्हज आणि चेंडू गेली कित्येक वर्षं तेच शिवून देतात. उसवलेले चेंडू त्यांच्यापुढे ओतले.

"क्या नाना साब, वो तुम्हारा पोट्टा निशाना लगाके मारा बोल रे लोगाँ."

"लोगां को क्या मालूम, हबीबभाई. हात से छूटा."

"छूटा तो छूटा." ते एकेक चेंडू शिवण चाचपून बाजूला ठेवत होते. एक उचलला, उजेडात फिरवला, आणि माझ्या पुढ्यात परत ठेवला. "ये मैं नै सीता."

"का?"

"इसका टाका उसवेला नै. ये कायकू लाए?"

शिवणीत काळपट काहीतरी वाळलेलं होतं. मला माहीत नव्हतं तो त्यात आला आहे. चेंडू रुमालात गुंडाळून घरी आणला. ठेवायचा कुठं, ते कळेना. शेवटी परत थैलीत, बुटाजवळ.

१३ जानेवारी

हे लिहावं की नाही याचा विचार केला. लिहितो, कारण इथं तरी खोटं नको.

आज फक्त बिरूला बोलावलं. 'सरळ' झालं होतं, 'वळव' राहिलं होतं. आधी गोणपाट काढून ठेवलं, मी स्वतः ग्लोव्ह घालून बसलो आणि नुसतं "वळव" म्हणालो. काय सुंदर वळतो त्याचा चेंडू! खांद्याच्या उंचीवरून येतो आणि गुडघ्याशी उतरतो. मनगटाचा तो झटका मी शिकवलेला नाही, घरून घेऊन आलाय.

मग दुसरं, कोरं गोणपाट टांगलं, बाजूला उभा राहिलो आणि त्या दिवसासारखंच ओरडलो, "वळव त्याला!"

चेंडू वळला नाही. सरळ आणि वेगानं आला आणि गोणपाटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर बसला. परत सांगितलं. परत तिथंच. मी सांगत राहिलो, तो टाकत राहिला. 'सरळ'ला वीतभर फाकणाऱ्या खुणा इथं एकमेकींवर पडत गेल्या. शेवटी तळहाताएवढा एकच लाल डाग राहिला. वाऱ्यानं गोणपाट जरा फिरलं आणि मला दिसलं की तो डाग कुठं आहे. माणूस उभा असता तर तिथं कान आला असता.

"बिरू, काय करतोयस?"

"तुमी सांगितलं तसंच टाकतोय, सर."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. डोळे मात्र गोणपाटावर, मान पुढे काढलेली. "हे बी हलत नाय," असं काहीतरी पुटपुटला.

माझी खात्री झाली आहे. त्या दिवसाचा धसका पोराच्या हातात बसलाय. प्लेट रिकामी असली की हात मोकळा चालतो. समोर काही उभं दिसलं की तोच चेंडू पुन्हा पुन्हा घडतो. ऐकून माहीत होतं की अपघातानंतर असं होतं. पाहिलं आज.

पुढचा चेंडू घ्यायला त्यानं थैलीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मी त्याला कालचं काही सांगितलेलं नव्हतं.

गोणपाट घरी आणून धुतलं. गेरू गेला नाही, फिका झाला.

१४ जानेवारी

संक्रांत. बायकोची, आशाची, हळदीकुंकवाची तयारी चालली होती. अंगणात गोणपाट वाळत घातलेलं बघून म्हणाली, "आजच्या दिवशी हे काय टांगून ठेवलंय? दारातून येणाऱ्या बायका दचकतील. माणूस उभा असल्यासारखं दिसतंय."

काढून मागं नेऊन ठेवलं. ती सुपारी फोडायला बसली तेव्हा मी उठून बाहेर गेलो. मी परत आलो तेव्हा तिनं अडकित्ता बाजूला ठेवला होता.

"एक विचारू? तुम्ही त्या पोराला नेमकं काय सांगितलं होतं?"

"वळव त्याला."

"कुणाला?"

"कुणाला काय? चेंडूला."

"हं." तिनं तिळगूळ हातावर ठेवला. "मला नसतं कळलं."

"तू कुठं बेसबॉल खेळतेस?"

"तेही खरंच," म्हणाली.

१५ जानेवारी

बिरूच्या आईला भेटून आलो. सुगंधाबाईंची मेंढरं सध्या फुलंब्रीच्या अलीकडे एका काढलेल्या ज्वारीच्या रानात बसवलेली आहेत. चौकशीला आई हजर राहिली तर बरं दिसेल, या विचारानं गेलो.

त्यांनी घोंगडं टाकून बसवलं, शेळीच्या दुधाचा चहा दिला. "पोराला जेलात टाकत्याल का, सर?" हाच पहिला प्रश्न.

"मी आहे तोवर नाही."

"त्यो कुनाला मारायचा नाय. मेंढराला कदी धोंडा लागू दिला नाय त्यानं. बारका व्हता तवापासून."

एवढ्यात एक दांडगा एडका कळप सोडून शेजारच्या गव्हाकडे निघाला. सुगंधाबाई बसल्या जागेवरूनच जावेवर ओरडल्या, "आक्के, वळव त्याला!"

माझ्याच मैदानावरचे शब्द त्या उघड्या रानात ऐकून मला हसू फुटलं. आक्काबाईंनी धोंडा उचलला आणि लांबूनच भिरकावला. एडक्यानं मान झटकन् बाजूला काढली, त्याचा कान जिथं होता तिथून धोंडा गेला आणि एडका निमूट फिरून कळपात आला.

"लागला असता की!" मी म्हणालो.

"लागतोय कसा? आदी आरोळी, मंग धोंडा. कान असतो तिथंच टाकायचा. धोंडा पोचेस्तवर कान तिथं ऱ्हात नाय."

"आणि नाही हललं मेंढरू तर?"

सुगंधाबाई हसायला लागल्या. आक्काबाईंनाही हाक मारून सांगितलं, "आगं, सर म्हनत्यात मेंढरू नाय हललं तर!" दोघी हसल्या. "आसं मेंढरू नसतंय, सर. आरोळी आयकून कोन उबं ऱ्हातं?"

मग सुगंधाबाई पदर तोंडाशी धरून मेंढरांकडे बघत राहिल्या. मी निघालो तेव्हाही उठल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बिरूला म्हनावं, मायकडं ये."

वाटेत माझं डोकं एकाच काळजीनं भरलं होतं. मगर सरांनी हा नेम पाहिला असता तर? रुपयाच्या नाण्याचं कात्रण परवडलं. ज्या घरातल्या बायका एवढ्या लांबून कानाचा नेम धरतात, त्या घरातला पोरगा निर्दोष कोण मानेल? सुगंधाबाईंना चौकशीला आणायचं नाही, हे पक्कं केलं. मेंढरांबद्दल तिथं बोलायचंही नाही.

बिरूला आईचा निरोप सांगितला. चौकशी झाल्यावर जाईन म्हणाला.

१८ जानेवारी

सांडू शुद्धीवर आला. सकाळी सिस्टरनी सांगितलं, मग डॉक्टरांनी, मग सारजाबाईंनी माझे दोन्ही हात धरून. डाव्या कानानं ऐकू येणार नाही, चालायला वेळ लागेल, पण माणसं ओळखतो.

या वेळी बूट नेला होता. सारजाबाईंनी पदरानं पुसून त्याच्या जोडीदाराशेजारी कॉटखाली ठेवला.

मी उजव्या बाजूला वाकलो. सांडूनं डोळे उघडले. "सर."

"बोलू नको."

"तुमी वराडला ना." शब्द एकेक करून येत होते. "वळव म्हनून."

"हो."

"म्हनून उबा राह्यलो." थोडा थांबला. "वळंल वाटलं."

मला रडूच आलं. खुद्द सांडूची साक्ष! बिरूनं वळणाराच टाकला होता, सांडूलाही तो वळणाराच वाटला, आणि चेंडू दगा देऊन गेला. याहून स्पष्ट काय हवं? सारजाबाईंसमोर सिस्टरकडून तारीख-वेळ टाकून लिहून घेतलं.

खाली बिरू लिंबाखालीच होता. त्याला ओढत वर नेलं. तो दारात थांबला. सांडूनं त्याच्याकडे बघितलं आणि हात किंचित उचलला.

बिरू म्हणाला, "तू हलला कामून नाय रे?"

सांडूला डावीकडून ऐकू आलं नसावं. तो नुसता हसला. सारजाबाई म्हणाल्या, "ये बाबा, आत ये." पण बिरू जिना उतरून गेलासुद्धा.

१९ जानेवारी

मगर सरांना सिस्टरचा कागद आणि पहिल्या चाचणीचं गोणपाट दाखवलं. दुसरं दाखवलं नाही. कागद त्यांनी लक्ष देऊन वाचला. गोणपाटाकडे फारसं बघितलं नाही.

"नानासाहेब, पोरगं वाचलं, देव पावला. पण पोत्याची साक्ष मी घेत नाही. पोतं काय, कुणालाही गप्प उभं राहतं. माणूस उभा करा आणि बिरूला तोच चेंडू टाकायला सांगा. वळला, तर मी इथंच फाईल बंद करतो."

"समजा, नाही वळला?"

"मग मी काय समजायचं ते तुम्हीच सांगा."

बॅट घेऊन उभं राहायला एकही पोरगा तयार नाही. जुने पिचर मान खाली घालून बसले. त्यांचं चूक नाही. मी म्हणालो, मी उभा राहतो. मगर सर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक. पण सगळं त्या दिवसासारखंच पाहिजे. तेच हेल्मेट, चेंडू असेल तर तोच. आणि ओरडणार मी, तुम्ही नाही. शब्द काय होते?"

मी दोन शब्द कागदावर लिहून दिले. त्यांनी वाचले, खिशात ठेवले.

आशाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं. "हेल्मेटला कानपट्टा नाही ना?"

"लागणारच नाही, तर कानपट्टा हवा कशाला?"

भाकरी करपली.

संध्याकाळी बिरूला मैदानावर बोलावून रिकाम्या प्लेटवर टाकायला लावलं. नुसतं "वळव" म्हणत गेलो आणि एकूण एक चेंडू वळले. सांडू बरा झाला, तसा याचा हातही बरा झालाय. धसका गेला. तो लाल डाग आता मी मनातून काढून टाकला आहे.

परत निघताना त्याला सगळं समजावलं. मी उभा असेन. घाबरायचं नाही. मला तुझा चेंडू माहीत आहे.

"मगर सर काय सांगत्याल?" त्यानं विचारलं.

"त्या दिवशी मी सांगितलं तेच. वळव त्याला."

तो चालता चालता थांबला. त्याची नजर प्लेटजवळच्या त्या वाळलेल्या ठशांवर होती.

"मंग तसंच टाकावं लागंल, सर."

"तसाच टाक."

"तुमी हलाल ना?"

मी हसलो. "बिरू, बॅटर हलत नसतो. मीच शिकवतो ते पोरांना."

"जरासं तरी हला, सर." त्यानं माझी बाही धरली होती. असं त्यानं कधी केलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणालो, माझी काळजी करू नको, तू फक्त सांगतील तसं कर. त्यानं बाही सोडली.

उद्या सकाळी नऊला मैदानावर. मगर सर आणि समितीचे दोघे येतील, मग सारजाबाईंना विचारून सांडूचा जबाब घ्यायला घाटीत जायचं. थैलीत हेल्मेट आणि चेंडू ठेवले आहेत. मी सांडूच्या ठशांत पाय रोवून उभा राहीन, मगर सर कागद बघून ओरडतील, आणि मी हलणार नाही.